स्वस्तातल्या परग्रहवासीयांना न्याय द्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पृथ्वीवर चाल करून येणाऱ्या परग्रहवासीयांच्या जुन्या अमेरिकी चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली याचा आनंद आहेच. परंतु तारेला लटकलेली तबकडी, रबरी पंजे, पुठ्ठ्याचे यान आणि ‘जगातील सर्वांत वाईट चित्रपट’ हा शिक्का यांपलीकडे तो लेख गेला नाही, आणि वाचकाने हसून पान उलटावे अशीच त्याची मांडणी होती. हे चित्रपट मी अनेक वर्षे मनापासून पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र लिहिण्यावाचून राहवले नाही. माझे म्हणणे एकच आहे. हे चित्रपट कोणत्या जागी दाखवण्यासाठी, कोणासाठी आणि किती दिवसांत तयार झाले हे बाजूला ठेवून त्यांचे मोल ठरवता येणार नाही. आणि ते ध्यानात घेतले, तर ज्या तुटपुंज्या पैशांवरून आपण त्यांना हसतो त्या पैशांच्या टंचाईतूनच त्यांच्या कित्येक उत्तम कल्पना निघाल्या असे दिसून येते.

आधी जागेविषयी. न्यू जर्सी राज्यात कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह सुरू केले. मोटारीत बसूनच चित्रपट पाहायचा ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, पण पुढच्या गाडीच्या टपामुळे मागच्या गाडीतल्यांना पडदा दिसेनासा होतो, ही तिच्यातली खरी मेख होती. त्यासाठी जमिनीला ओळीओळीने चढ देऊन प्रत्येक गाडीचे नाक वर राहील अशी रचना त्यांनी केली आणि तिचे पेटंट घेतले. ते पेटंट १९४९ मध्ये न्यायालयात टिकले नाही. युद्ध संपले होते, शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, मोटारी सर्वसामान्यांच्या दारात आल्या होत्या, आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील ड्राइव्ह-इनची संख्या ४,००० च्या वर गेली. गाडी ओळीत लावायची, खांबावरचा लहानसा ध्वनिक्षेपक काढून खिडकीच्या काचेला अडकवायचा आणि अंधार पडण्याची वाट पाहायची, असा तिथला रिवाज होता. उन्हाळ्यात अंधार उशिरा पडतो, उघड्यावरच्या प्रचंड पडद्यावर प्रकाश पसरून फिका होतो, आणि त्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकातून संवादातले बारकावे ऐकू येणे कठीणच असते. पुढच्या ओळींत झोपण्याच्या कपड्यांतच आणलेली मुले, मागच्या ओळींत एकांत शोधणारी तरुण जोडपी, आणि मध्यंतरात सगळ्यांची पावले खाद्यपदार्थांच्या खिडकीकडे. अशा मैदानात चालणाऱ्या चित्रपटाला सूक्ष्म अभिनयाच्या भरवशावर राहून चालत नव्हते. लांबून ओळखू येईल असा आकार, कानावर पडताच अंगावर काटा आणणारा आवाज आणि एका वाक्यात सांगता येईल असे संकट त्याला हवे होते, आणि तबकडीतून उतरणारा शत्रू या तिन्ही गरजा भागवत होता. केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने २४ जून १९४७ रोजी माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले, त्यानंतर ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द वृत्तपत्रांनी घरोघरी पोहोचवला होता. निर्मात्यांना शत्रूची ओळख करून देण्याचा खर्चसुद्धा उरला नव्हता.

आता पैशांविषयी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपल्या मालकीच्या चित्रपटगृहांच्या साखळ्या सोडून द्याव्या लागल्या. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा चालूच होती, पण त्यांतला दुसरा, कमी खर्चाचा चित्रपट स्वतः काढण्यात मोठ्या स्टुडिओंना पूर्वीइतका रस उरला नाही. ती पोकळी लहान निर्मात्यांनी भरली. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली कंपनी, जी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखली गेली, हे त्यातले ठळक उदाहरण. मुख्य चित्रपटाला तिकीटविक्रीचा टक्का मिळतो आणि जोडीच्या चित्रपटाला केवळ ठरीव भाडे, हे पाहून त्यांनी दोन्ही चित्रपट आपलेच काढून जोडीने द्यायला सुरुवात केली. निकल्सन बऱ्याचदा आधी नाव सुचवत, मग भित्तिपत्रक तयार होई आणि त्यानंतर कथा लिहिली जाई. आपल्या लेखात या पद्धतीचा उल्लेख फसवणूक म्हणून आला आहे. मला तो आरोप पटत नाही. रस्त्याने जाता जाता गाडी आत वळवायची की नाही हे नावावरून आणि चित्रावरूनच ठरवणाऱ्या प्रेक्षकासाठी काम करणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी यात गैर ते काय? शिवाय या चित्रपटांची लांबी पाहावी: ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ ७० मिनिटे, ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ ७१, ‘इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन’ ६९. एवढ्या वेळात गाव दाखवायचे, संकट आणायचे, ते ओळखायचे आणि परतवायचे म्हणजे पाल्हाळाला जागाच नाही. आजचे अडीच तासांचे आक्रमणपट पाहताना ही शिस्त मला फार आठवते.

एडगर उल्मर यांनी ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ (१९५१) हा चित्रपट सहा दिवसांत पुरा केला. जोन ऑफ आर्कवरील एका मोठ्या चित्रपटासाठी उभारलेले नेपथ्य स्टुडिओत तसेच पडून होते. उल्मर यांनी ते वापरले, त्यावर धुके सोडले आणि स्कॉटलंडची ओसाड माळजमीन उभी केली. धुक्यामुळे नेपथ्याच्या कडा झाकल्या गेल्या हे खरेच, पण त्याच धुक्यातून यानाच्या काचेआड दिसणारा तो निश्चल, भावशून्य चेहरा अधिक परका वाटतो हेही तितकेच खरे. ‘टार्गेट अर्थ’ (१९५४) या चित्रपटात यंत्रमानवांचे आख्खे सैन्य शहरावर येते, आणि निर्मात्यांकडे यंत्रमानवाचा पोशाख होता एकच. मग दिग्दर्शकाने काय करावे? सैन्य दाखवण्याऐवजी सैन्य येऊन गेल्यानंतरचे शहर दाखवले. भल्या पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी टिपलेले लॉस एंजेलिसचे रिकामे रस्ते आणि त्यांत एकटीच जागी होऊन माणसे शोधणारी एक स्त्री, ही त्या चित्रपटाची पहिली काही मिनिटे भीतीचे चित्रण कसे करावे याचा वस्तुपाठ आहेत. पुढे तो एकुलता यंत्रमानव प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा भीती ओसरते, हे मान्य. पण त्या सुरुवातीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ब्रॉन्सन कॅन्यन नावाची दगडाची जुनी खाण आहे. तिथल्या लहानशा बोगद्याची तोंडे लांबून पाहिली की गुहेसारखी दिसतात. ती शहरातच असल्यामुळे प्रवास नाही, मुक्काम नाही, आणि उजाड पृथ्वी किंवा परका ग्रह हवा तेव्हा तयार. ‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) इथलाच, ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) मधील शुक्रावरून आलेला प्राणी इथेच दडलेला, आणि डॉन सीगल यांच्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६) मधील नायक-नायिका पाठलाग चुकवण्यासाठी आश्रय घेतात तेही इथेच. यांतला पहिला चित्रपट आपल्या लेखात टिंगलीचा विषय झाला आहे, आणि शेवटचा १९९४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतन केलेला आहे. खाण तीच आहे. स्थळ स्वस्त होते म्हणून चित्रपट हलका ठरतो हा निकष एवढ्यावरच कोसळतो.

विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्या ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ (१९५३) विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्या लेखकाने त्यातील मंगळवासीयांच्या पाठीवरची शिवण दिसते एवढेच नोंदवले आहे. शिवण दिसते, खरे आहे. पण मेंझीस कोण, हे सांगायला हवे होते. कलादिग्दर्शनाचे पहिलेवहिले ऑस्कर ज्यांना मिळाले आणि ‘गॉन विथ द विंड’ची दृश्यरचना ज्यांनी केली, तेच हे मेंझीस. घरामागच्या टेकडीआड यान उतरताना एक लहान मुलगा पाहतो. तपासाला गेलेले वडील परत येतात ते बदललेले, मानेवर एक खूण घेऊन. मुलगा पोलीस ठाण्यात धावतो, आणि इथे मेंझीस यांनी जे केले ते मी पुन्हा पुन्हा पाहतो. ठाणे म्हणजे एक लांबच लांब पांढरा बोळ, भिंती उघड्या, सामान जवळजवळ नाहीच, आणि बोळाच्या टोकाला मुलाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेले उंच टेबल, ज्याच्यामागून पोलीस खाली वाकून पाहतो. खऱ्या ठाण्यात असतात त्या खुर्च्या, कपाटे, कागद यांपैकी काही ठेवले असते तर खर्च वाढला असता आणि त्या मुलाची असहायता मात्र कमी झाली असती. मोठी माणसे आपले ऐकणार नाहीत, ही बालपणीची सर्वांत जुनी भीती त्या रिकाम्या भिंती बोलून दाखवतात. झोपण्याच्या कपड्यांत मोटारीच्या मागच्या आसनावर बसून हे पाहणाऱ्या मुलाला शिवण दिसली असेल असे मला वाटत नाही. दिसली असली तरी त्याने ती महत्त्वाची मानली नसेल.

दुसरे उदाहरण विशेष दृश्ये घडवणारे कलावंत रे हॅरीहाउझेन यांचे. ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’ (१९५६) मध्ये तबकड्या वॉशिंग्टन शहरावर कोसळतात, वॉशिंग्टन स्मारकाचा स्तंभ पडतो, कॅपिटॉलच्या घुमटात तबकडी घुसते. इमारत पडताना दाखवण्याची त्या काळची नेहमीची रीत म्हणजे प्रतिकृती फोडायची आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपायचे, म्हणजे पडद्यावर ढिगारा जड आणि संथ पडताना दिसतो. निर्माते सॅम कॅट्झमन यांच्या अंदाजपत्रकात ते बसत नव्हते. म्हणून हॅरीहाउझेन यांनी इमारतीच्या प्रतिकृतीचे सुटे तुकडे बारीक तारांवर टांगले, प्रत्येक तुकडा केसभर हलवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा सगळे तुकडे केसभर हलवायचे, पुन्हा एक चौकट, असे करत आख्खी पडझड हाताने घडवली. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात हे लक्षात घेतले म्हणजे त्या काही सेकंदांमागे किती तास उभे आहेत याची कल्पना येईल. तबकड्यांनाही त्यांनी असेच चालवले. वरचा भाग स्थिर आणि कडेची पट्टी फिरती ठेवल्यामुळे त्या निर्जीव थाळीऐवजी सावध प्राण्यासारख्या वाटतात. त्यांच्या आवाजासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील नळांतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता. पैसा वाचवण्याचा मार्ग इथे सर्वांत कष्टाचा मार्ग ठरला. या कामाला ‘स्वस्त’ म्हणताना लेखणी थोडी अडखळायला हवी.

या सगळ्याचे मी आंधळे समर्थन करतो असा समज मात्र होऊ नये. याच चित्रपटात तबकड्या एक युद्धनौका उडवतात, आणि त्यासाठी वापरलेला तुकडा १९४१ मध्ये बुडालेल्या ‘बॅरहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्रत्यक्ष स्फोटाचा आहे. त्या नौकेवरचे ८०० हून अधिक खलाशी त्या वेळी मृत्युमुखी पडले. तयार चित्रफीत जोडून खर्च वाचवण्याची ही सवय या निर्मात्यांत सर्रास होती. रणगाड्यांच्या रांगा किंवा उडणारी अग्निबाणे जोडली तर कोणाचे काही बिघडत नव्हते, पण खऱ्या माणसांच्या मृत्यूचे करमणुकीसाठी केलेले हे उपयोजन मला आजही सहन होत नाही. या चित्रपटांतील स्त्री-शास्त्रज्ञांची गतही अनेकदा वाईटच असते: पहिल्या प्रसंगात पदवी सांगायची आणि दुसऱ्या प्रसंगापासून किंचाळायचे. टीका करायची तर ती इथे करावी. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मध्ये बेव्हर्ली गार्लंड यांनी साकारलेली पत्नी, जी नवऱ्याला समजावून थकल्यावर स्वतःच बंदूक घेऊन त्या प्राण्याच्या गुहेत जाते आणि तिथे प्राण गमावते, ती अशा भूमिकांच्या गर्दीत उठून दिसते ती यामुळेच.

टंचाईतून आलेली सर्वांत दूरगामी कल्पना म्हणजे माणसाच्याच चेहऱ्याचा शत्रू. रबराचा पोशाख नको, यान नको, फक्त ओळखीचा नट जरा थंडपणे बोलू लागला की पुरे. जॅक फिनी यांच्या कथेवरून सीगल यांनी केलेला ‘बॉडी स्नॅचर्स’ याचा कळस. लहान गावातली माणसे झोपेत एकेक करून बदलतात; काका काकांसारखेच दिसतात, त्यांना सगळे आठवते, फक्त त्यांच्या डोळ्यांतली ओल गेलेली असते. ज्या चौकात सकाळी नेहमीसारखी वर्दळ असते त्याच चौकात बदललेली माणसे मोठमोठ्या शेंगांनी भरलेल्या मालमोटारींभोवती निमूटपणे जमतात आणि शेजारच्या गावांत न्यायच्या शेंगा वाटून घेतात, आणि या प्रसंगात एकही चमत्कृती नाही. आपला नायक महामार्गावर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना ओरडून सावध करत राहतो, तिथेच चित्रपट संपावा अशी सीगल यांची इच्छा होती. स्टुडिओने मागेपुढे प्रसंग जोडून थोडा दिलासा घातला. तरी मूळ भीती पुसली गेली नाही. याच वाटेने रॉजर कॉर्मन यांचा ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ (१९५७) गेला. त्यातला परग्रहवासी म्हणजे काळा चष्मा घालून फिरणारा एक सभ्य गृहस्थ, ज्याला आपल्या ग्रहासाठी माणसांचे रक्त हवे आहे. ‘आय मॅरीड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५८) या आचरट वाटणाऱ्या नावामागे लग्नाच्या आदल्या रात्रीपासून बदललेल्या नवऱ्यासोबत राहणाऱ्या एका स्त्रीची गोष्ट आहे, आणि तिचे एकटेपण त्या चित्रपटाने मोठ्या गांभीर्याने मांडले आहे. नावावर जाऊन ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी अवश्य पाहावा.

हे सर्व म्हणजे साम्यवादाच्या भीतीचे रूपक होते, असे आपल्या लेखकाने एका वाक्यात सांगून टाकले आहे. कोरियात युद्ध चालू होते, अमेरिकेपाठोपाठ १९५३ मध्ये सोव्हिएत रशियानेही उष्माअण्विक अस्त्राची चाचणी केली, शाळांतून मुलांना बाकाखाली लपण्याचे धडे दिले जात होते. या वातावरणाचा परिणाम होताच. पण शेजारी बदलला आहे ही भीती दोन्ही बाजूंनी वाचता येते. सगळ्यांनी एकसारखे बोलावे, एकसारखे वागावे, वेगळा दिसेल त्याचे नाव कळवावे, हा दबाव त्या काळात अमेरिकेतच साम्यवाद्यांची शोधमोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी आणि त्यांच्यासारखे लोक आणत होते. ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’च्या पटकथेवर रेमंड टी. मार्कस असे नाव झळकते. त्या नावाआड बर्नार्ड गॉर्डन होते, ज्यांना राजकीय मतांमुळे हॉलिवुडने काळ्या यादीत टाकले होते. ‘रोबॉट मॉन्स्टर’चे संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे, ज्यांनी पुढे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ला संगीत दिले, डाव्या विचारांच्या संशयामुळे त्या दिवसांत त्यांना मोठी कामे मिळत नव्हती. मोठ्या स्टुडिओंची दारे बंद झालेली माणसे इथे पोटापाण्याला लागली. आक्रमकांच्या या गोष्टी सांगणाऱ्यांत स्वतःच ‘आतले शत्रू’ ठरवली गेलेली माणसे होती, ही गोष्ट त्या सोप्या रूपकात बसत नाही.

प्रेक्षकांविषयी एक गोष्ट राहिली. दूरचित्रवाणीमुळे प्रौढ मंडळी घरी बसू लागली आणि मैदानात उरले ते मुख्यतः तरुण. ‘इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन’ (१९५७) मध्ये रात्री गाड्या लावून बसलेल्या जोडप्यांना परग्रहवासी दिसतात, पोलीस विश्वास ठेवत नाहीत, सैन्य भलत्याच ठिकाणी गुंतलेले असते, आणि शेवटी तीच मुले आपल्या गाड्या गोलाकार उभ्या करून एकदम दिवे लावतात आणि त्या झोतात शत्रू विरून जातो. गाडीत बसून चित्रपट पाहणाऱ्या तरुणाच्या हाताशी जी वस्तू त्या क्षणी होती, तीच त्याचे शस्त्र झाली. ‘द ब्लॉब’ (१९५८) मध्येही गावाला वाचवण्याची धडपड तरुणच करतात. पेनसिल्व्हेनियात धार्मिक चित्रपट काढणाऱ्या अर्व्हिन यीवर्थ यांनी तो काढला, स्टीव्ह मॅक्वीन यांची ती पहिली प्रमुख भूमिका, आणि तो लाल गोळा म्हणजे रंग मिसळलेले सिलिकोन. चित्रपट दाखवणाऱ्याच्या खोलीतून तो गोळा प्रेक्षागृहात उतरतो आणि माणसे रस्त्यावर पळत सुटतात, हा प्रसंग फीनिक्सव्हिलच्या ज्या कोलोनियल थिएटरात घेतला गेला, तिथे आजही दरवर्षी लोक जमून त्याच दारातून तसेच धावत बाहेर पडतात. वाईट चित्रपटाला असे प्रेम मिळत नाही.

ज्यांच्या प्राण्यांना हसणे सर्वांत सोपे जाते त्या पॉल ब्लेझडेल यांचे नाव आपल्या लेखात नाही, याचे मला फार वाईट वाटले. ब्लेझडेल हे मुळात मासिकांसाठी चित्रे काढणारे कलावंत. पत्नी जॅकी यांच्या मदतीने ते घरीच लाकूड, तार, फोम आणि रबर वापरून हे प्राणी घडवत, आणि बऱ्याचदा त्यांत शिरून ते चालवतही. ‘सॉसर मेन’मधील मोठ्या मेंदूची, फुगलेल्या डोळ्यांची डोकी त्यांचीच, पुढे लोकांच्या मनात रुजलेल्या ‘हिरव्या माणसां’च्या रूपाशी त्यांचे जवळचे नाते आहे. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधला बसका, शंकूसारखा प्राणी आज थट्टेचा धनी झाला आहे. पण शुक्र जड ग्रह मानून तिथला प्राणी जमिनीलगतच असणार हा विचार त्यामागे होता, आणि तो गुहेच्या अंधारात राहील अशा हिशेबाने ब्लेझडेल यांनी तो बांधला होता. चित्रीकरणात त्याला उजेडात आणले गेले आणि सगळे दोष उघडे पडले. मर्यादित पैशांत, मर्यादित वेळात, एका माणसाने शून्यातून एक नवा देह कल्पावा आणि स्वतः त्यात घामाघूम होऊन उभे राहावे, हे काम हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

एडवर्ड वूड यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’विषयी थोडक्यात. १९८० मध्ये एका पुस्तकाच्या वाचकांनी त्याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवले आणि तेव्हापासून प्रत्येक लेखक तेच लिहितो. चित्रपट चांगला नाही, त्यात वाद नाही. त्यातले नट बेला लुगोसी यांचे निधन १९५६ मध्ये झाल्यावर दुसऱ्याच माणसाने तोंडावर झगा धरून त्यांचे काम पुरे केले, हेही सर्वश्रुत आहे. पण त्यातला परग्रहवासी पृथ्वीवर येतो तो राज्य करायला नव्हे. फटाक्यापासून हायड्रोजन बाँबपर्यंत पोहोचलेला माणूस पुढचे अस्त्र शोधेल तेव्हा सारे विश्वच पेटवेल, म्हणून त्याला थांबवायला तो आलेला आहे. नट कमी पडले, नेपथ्य कमी पडले, तरी हा संताप खोटा वाटत नाही. ज्याला मोठे काही सांगायचे आहे आणि साधने अजिबात नाहीत अशा माणसाच्या धडपडीला पुरस्कार देऊन हिणवणे मला निष्ठुर वाटते.

अखेरीस प्रतींविषयी, कारण आपल्या लेखासोबत छापलेली चित्रेच मुळी धुरकट होती. १९६४ पूर्वीच्या अमेरिकी चित्रपटांच्या स्वामित्वहक्काचे २८ व्या वर्षी नूतनीकरण करावे लागे. यांतल्या अनेक लहान कंपन्या तोवर बंद पडल्या होत्या आणि ते राहून गेले. ‘किलर्स फ्रॉम स्पेस’ किंवा ‘टीनएजर्स फ्रॉम आउटर स्पेस’ सारखे चित्रपट त्यामुळे कोणीही छापून विकू लागला, आणि प्रतीवरून प्रत काढत काढत छाया, खोली, सारे नाहीसे झाले. आज आपण जे पाहतो आणि हसतो ते पुष्कळदा हे भुताटकीचे अवशेष असतात. ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२२ मध्ये आली आणि त्यातले हिरवे-निळे रंग, त्या टेकडीवरचे ढग पुन्हा पूर्वीसारखे दिसले. ‘रोबॉट मॉन्स्टर’सुद्धा २०२३ मध्ये त्याच्या मूळ त्रिमितीय रूपात पुन्हा उपलब्ध झाला. माझी आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुन्हा लेख छापताना लेखकाने या दुरुस्त प्रती पाहाव्यात, छायाचित्रे त्यांतूनच घ्यावीत, आणि मेंझीस, हॅरीहाउझेन, गॉर्डन व ब्लेझडेल यांचा नावानिशी उल्लेख करावा.

कळावे,

आपला एक नियमित वाचक